शेवटचे दहा मीटर : घरात फायबरचा डबा बसवताना नेमके काय घडते

घरी फायबरचे इंटरनेट घ्यायचे ठरले की एक दिवस दोन माणसे शिडी, ड्रिल आणि केबलचे वेटोळे घेऊन येतात, तास-दीड तासात भिंतीवर एक पांढरा डबा लागतो, त्यावरचा हिरवा दिवा स्थिर होतो आणि ‘झालं काम, सही करा’ असे सांगून मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला जातो. ग्राहक सही करतो. डब्यापर्यंत किती प्रकाश पोहोचला, हा एकच प्रश्न त्या वेळी विचारायला हवा असतो आणि तो बहुतेक वेळा कोणीच विचारत नाही. आधी तांब्याच्या आणि मग काचेच्या तारा लोकांच्या घरात आणण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत. पुढे महिनोन्‌महिने चालणाऱ्या तक्रारींपैकी किती तरी तक्रारींचे मूळ त्या तास-दीड तासात आणि घरातल्या शेवटच्या दहा मीटर तारेत असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तांब्याच्या काळात हे काम दिसायला सोपे होते. खांबावरच्या डीपीमधून, म्हणजे टेलिफोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीतून, तारांची एक जोडी यायची, भिंतीवरच्या रोझेट नावाच्या छोट्या डबीत दोन स्क्रूंखाली आवळली जायची आणि टेलिफोन वाजायचा. आयएसडीएन, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइन, आल्यावर प्रथमच लाइनच्या टोकाला एक खराखुरा डिजिटल डबा बसू लागला. त्याला एनटी-१ म्हणत, आणि तो दोन तारांवरून ६४ किलोबिटचे दोन मार्ग व १६ किलोबिटचा एक मार्ग घरात उतरवून देई. त्यानंतर ब्रॉडबँडचे एडीएसएल मोडेम आले. आज तीच जागा ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनलने, म्हणजेच ओएनटीने घेतली आहे. बोलीत त्याला सगळे मोडेमच म्हणतात. कंपनीची लाइन या डब्यात संपते आणि तुमच्या घरातले जाळे इथून सुरू होते. बिघाड झाला की तो कोणाच्या बाजूला आहे, हे याच सीमेवर ठरते.

घरगुती फायबरसाठी आपल्याकडे मुख्यत्वे जीपॉन हे तंत्र वापरले जाते (पॉन म्हणजे वाटेत वीज न लागणारे फायबरचे जाळे). २०११ साली मंजूर झालेल्या नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कच्या योजनेतही, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ग्रामपंचायतींपर्यंत जाण्यासाठी पहिल्या टप्प्यात हेच तंत्र घेतले होते. त्याची रचना अशी असते : कंपनीच्या केंद्रात ओएलटी नावाचे यंत्र असते, त्याच्या एका पोर्टातून एकच फायबर निघते आणि वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या तुकड्याने त्या प्रकाशाच्या ३२ किंवा ६४ शाखा होतात. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तो खांबावर किंवा सोसायटीच्या डक्टमध्ये वर्षानुवर्षे निमूट बसून राहतो. केंद्राकडून घरांकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती आणतो. घरांकडून केंद्राकडे जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा असतो आणि त्याची क्षमता सुमारे १.२५ गिगाबिट असते. दोन्ही प्रकाश एकाच केसाएवढ्या तारेतून विरुद्ध दिशांनी जातात. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच उघड्या फायबरच्या टोकात डोकावून पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये.

आता तो प्रश्न, म्हणजे प्रकाश किती आला. प्रकाशाची शक्ती डीबीएम या एककात मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. वाटेतली घट डीबीत मोजतात, आणि तो हिशोब दोनच गोष्टींवर चालतो : ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा होतो आणि १० डीबी कमी झाले की दहावा हिस्सा उरतो. समजा केंद्रातून ३ डीबीएम, म्हणजे दोन मिलिवॅट प्रकाश निघाला. चार किलोमीटर काचेत साधारण १ डीबी जातो. चौसष्ट शाखा करणारे स्प्लिटर २१ डीबीच्या आसपास खातात, कारण एका भाकरीचे चौसष्ट तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला तेवढाच घास येणार. जॉइंट आणि कनेक्टर मिळून आणखी २ डीबी जातात. घरात उरतात उणे २१ डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे सव्वाशेवा हिस्सा. एवढ्याशा उजेडावर घरातला टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि ऑफिसच्या मीटिंगा चालतात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

नेहमीच्या वर्गातल्या ओएनटीला कामापुरता उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो. त्याखाली गेले की लाल दिवा लुकलुकतो. मात्र घरात उणे २६.५ आले तरी दिवा हिरवाच राहतो. फसगत होते ती इथे. हिरवा दिवा ‘आत्ता चालते आहे’ एवढेच सांगतो, ‘पावसाळ्यात चालेल’ असे सांगत नाही. खांबावरच्या जॉइंटमध्ये थोडी ओल शिरली, कोणी केबल ओढली, कनेक्टरवर धूळ बसली आणि दीड डीबी गेला, की तीच लाइन दिवसातून दहा वेळा तुटू लागते. म्हणून बसवताना उणे २४ पेक्षा खाली जाणारा आकडा मी सहसा स्वीकारत नाही, आणि शेजारच्या घरात उणे २० येत असताना या घरात उणे २४ येत असेल, तर मर्यादेत असूनही तो मला खटकतो, कारण चार डीबी कुठे तरी सांडत आहेत. उलट बाजूचीही एक मर्यादा आहे. उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश आला तर ओएनटीचे डोळे दिपतात. घरगुती जोडणीत असे क्वचितच घडते.

हा आकडा पॉवर मीटरवर मोजतात. काही केबलचालक त्याच फायबरवरून १५५० नॅनोमीटरवर टीव्हीचा सिग्नलही पाठवतात. अशा ठिकाणी साधा मीटर सगळ्या प्रकाशाची बेरीज दाखवतो आणि आकडा खोटाच छान दिसतो. तिथे तरंगलांबी वेगळी करणारा पॉन मीटरच हवा. मीटर नसला तरी ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. तो दोन-एक डीबीने इकडेतिकडे असू शकतो, पण रोजच्या तुलनेसाठी तो उत्तम आहे.

प्रकाश सांडतो कुठे? सर्वांत आधी वळणावर. काचेत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तार फार आवळून वळवली की तो भिंतीतून बाहेर निसटतो, आणि लांब तरंगांचा प्रकाश अधिक निसटतो. जुन्या पद्धतीच्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागायचे. घरांसाठी बनवलेले फायबर १० किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत सहन करते, पण तेही काही काटकोनात दुमडता येत नाही. एका घरी रोज संध्याकाळी इंटरनेट बंद पडायचे आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचे. तीन वेळा माणसे आली, दुपारी आली, आकडा उणे २२ पाहून परत गेली. घरच्या आजी शेवटी म्हणाल्या, ‘डास यायला लागले की तुमचं हे बंद पडतं.’ ते ऐकून मी दिवेलागणीला त्यांच्याकडे गेलो. केबल सरकत्या खिडकीच्या खाचेतून आत घेतली होती. डासांसाठी खिडकी लावली की पट्टी केबलवर बसायची आणि आकडा उणे २९ वर जायचा. खिडकी उघडली की परत उणे २२. भिंतीला एक भोक पाडायचा कंटाळा त्या घराला चार महिने भोवला होता.

भोक पाडतानाही ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. बाहेरची केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकता एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन गळून पडते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांनी हे केले नाही, त्यांच्या भिंतीवर जुलैत ओलीचा पट्टा हमखास दिसतो. पत्र्याच्या किंवा खिडकीच्या कडेवर केबल घासत असेल तर तिथे पाइपचा तुकडा घालावा. केबल कधीही विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ओढू नये. काचेला विजेचे भय नसले तरी अनेक ड्रॉप केबलींत, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या केबलींत, ताणासाठी पोलादी तार असते आणि ती वीज वाहून आणते. ती तार बाहेरच अडकवून कापावी, ओएनटीपर्यंत नेऊ नये.

दुसरी सांडण्याची जागा म्हणजे कनेक्टर. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. चपट्या ड्रॉप केबलचे वरचे आवरण सोलले की आतून रंगीत लेप असलेली एक बारीक तार निघते. तिची जाडी पाव मिलिमीटर असते. स्ट्रिपरने लेप काढला की उरते ती १२५ मायक्रॉनची नागडी काच, आणि प्रकाश जातो तो तिच्याही गाभ्यातल्या सुमारे ९ मायक्रॉनमधून. अल्कोहोलने भिजवलेल्या कागदात धरून ती पुसली की बारीक ‘चीं’ असा आवाज येतो. तो आला म्हणजे काच स्वच्छ झाली असे आम्ही समजतो. मग क्लीव्हरमध्ये ठेवून ती कापायची. खरे तर ती कापली जात नाही, एका बारीक ओरखड्यावर मोडली जाते, आणि मोडलेला पृष्ठभाग आरशासारखा सपाट यावा लागतो. पक्कडीने किंवा कात्रीने तोडलेल्या टोकावर बसवलेला कनेक्टर दोन-तीन डीबी सहज खातो. मोडून पडलेला काचेचा तुकडा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण तळपायात किंवा बाळाच्या हातात घुसतो. तो चिकटपट्टीवर उचलून बाटलीत टाकणे ही कामाचीच पायरी आहे. जो माणूस हे तुकडे जमिनीवर सोडून जातो, त्याच्या बाकीच्या कामावरही माझा विश्वास बसत नाही.

हाताने बसवायचा मेकॅनिकल कनेक्टर पटकन होतो, पण त्याच्या पोटातला जेल आणि पकड वर्षांनंतर ढिली पडू शकते. मशिनने वितळवून मारलेला जॉइंट एका दशांश डीबीपेक्षाही कमी खातो आणि टिकतो. शक्य असेल तिथे आत एक छोटी फायबर पेटी लावून, ड्रॉप केबलला कारखान्यात तयार झालेले कनेक्टरचे टोक मशिनने जोडून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कनेक्टरच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंश तिरके घासलेले असते, म्हणजे परत फिरलेला प्रकाश गाभ्यातून उलट जात नाही. निळ्याचे टोक सरळ असते. हिरवा निळ्यात घातला तर तो बसतो, ‘टक’ असा आवाजही येतो, पण दोन काचांमध्ये फट राहते आणि प्रकाश तिथेच वाया जातो. डब्याच्या भोकाचा जो रंग असेल, त्याच रंगाचे टोक त्यात घालावे. घालण्यापूर्वी ते कनेक्टर पुसायच्या पेनाने पुसावे. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातली वाफ काचेवर बसते.

तार जोडली, प्रकाश आला, आता डबा केंद्राशी ओळख करून घेतो. केंद्रातून येणारी माहिती सर्व शाखांना सारखीच पोहोचते आणि प्रत्येक ओएनटी आपल्यापुरती उचलतो. शेजाऱ्याला तुमची माहिती वाचता येऊ नये म्हणून ती प्रत्येक घरासाठी वेगळ्या किल्लीने सांकेतिक केलेली असते. उलट दिशेने मात्र सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. पाटाच्या पाण्याची बारी जशी ठरलेली असते, अमक्याने अमक्या वेळी दार उघडायचे आणि वेळ संपली की लावायचे, तशी इथे प्रत्येक ओएनटीला मायक्रोसेकंदांची बारी मिळते. अडचण अशी की कोणी केंद्रापासून एका किलोमीटरवर असतो, कोणी पंधरावर, आणि प्रकाशाला काचेतून एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून नवा डबा आला की ओएलटी थोडा वेळ सगळ्यांना गप्प बसवते, नव्याला बोलू देते, त्याचे उत्तर यायला किती वेळ लागला यावरून त्याचे अंतर काढते आणि त्याला किती थांबून बोलायचे ते सांगते. जवळच्याला जास्त थांबायला लावून सगळ्यांना जणू एकाच अंतरावर आणले जाते. हे चालू असताना पॉनचा दिवा लुकलुकतो. काम झाले की तो स्थिर होतो आणि सेटिंगच्या पानावर ओ-५ ही अवस्था दिसते. एखादा बिघडलेला ओएनटी बारी सोडून सतत प्रकाश टाकू लागला, तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरे एकदम बंद पडतात. तेव्हा दोष तुमच्या घरात नसतो आणि तुमचा डबा बदलून काहीच होत नाही.

ओळख पटते ती ओएनटीच्या बारा अक्षरांच्या सिरियल नंबरवरून, ज्याची पहिली चार अक्षरे उत्पादकाची असतात. तो नंबर केंद्रात तुमच्या खात्याशी जोडलेला नसेल, तर प्रकाश उत्तम असूनही दिवा लुकलुकतच राहतो. डबा बदलून दिला आणि केंद्रात नोंद करायची राहिली, हे याचे नेहमीचे कारण. नोंद झाल्यावर वेगाची मर्यादा आणि फोनची सोय ही सेटिंग केंद्रातूनच फायबरवरून डब्यात उतरतात.

उरलेली सेटिंग घरात होतात. आपल्याकडे बरेच पुरवठादार पीपीपीओई ही लॉगिनची पद्धत वापरतात. त्यात युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने दिलेला व्हीलॅन क्रमांक, म्हणजे एकाच तारेतल्या वेगळ्या मार्गाचा क्रमांक, तंतोतंत भरावा लागतो. व्हीलॅन चुकला तर डबा दारावर थाप मारत राहतो, पण ती थाप दुसऱ्याच दारावर पडत असते आणि उत्तर कधीच येत नाही. पासवर्ड चुकला तर मात्र नकाराचे उत्तर लगेच येते. या एका फरकावरून चूक कुठे आहे ते ओळखता येते. पीपीपीओईची वेष्टणे ८ बाइट घेतात, म्हणून एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ ठेवावा. तो चुकला की काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात. घरात स्वतःचा राउटर असेल तर ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे माहिती नुसती पुढे देण्याच्या अवस्थेत, टाकून लॉगिन राउटरवर करावे. दोघांनीही राउटरचे काम केले तर कॅमेरे आणि गेम यांना त्रास होतो. डब्याच्या सेटिंगच्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. तो पासवर्ड जगाला ठाऊक असतो.

वेगाची तक्रार आली की आधी केबल लावून लॅपटॉपवर वेग पाहावा, कारण वायफाय हा वेगळा प्रश्न आहे. तीनशेचा प्लॅन असून वेग नेमका ९४-९५ वर अडकत असेल, तर फायबरकडे पाहायचे कारण नाही. कुठे तरी १०० मेगाबिटचे पोर्ट आहे किंवा लॅन केबलच्या आठांपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या आहेत. वायफायसाठी जागा महत्त्वाची. माळ्यावर, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी डबा ठेवला की सिग्नल तिथेच अडतो. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झ एका खोलीपलीकडे जेमतेम जाते, तिथे २.४ गिगाहर्ट्झ कामी येते आणि त्यासाठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडावा. फायबर आणखी आठ मीटर ओढून डबा घराच्या मध्यावर आणणे, हा त्यापेक्षा चांगला उपाय आहे. त्या आठ मीटरमध्ये प्रकाश जवळजवळ काहीच कमी होत नाही.

विजेबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे. जुना टेलिफोन एक्सचेंजच्या ४८ व्होल्ट बॅटरीवर चालायचा, त्यामुळे गावात अंधार असला तरी तो वाजायचा. ओएनटीच्या मागे लावलेला फोन लाइट गेली की मुका होतो. घरात आजारी माणूस असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याच दिवशी लावून घ्यावा, त्याचे व्होल्टेज अडॅप्टरवरच्या आकड्याशी जुळवून. वीज जाताना ओएनटी विझण्यापूर्वी केंद्राला एक शेवटचा निरोप पाठवतो. त्यामुळे तुमची लाइट गेली आहे की तार तुटली आहे, हे केंद्रातल्या माणसाला पडद्यावर दिसू शकते. तक्रार करताना हे विचारून घ्यावे, निम्मा वेळ वाचतो.

सही करण्यापूर्वी फायबर पेटीतला आणि ओएनटीवरचा असे दोन्ही आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवायला सांगावी. सिरियल नंबरही तिथेच लिहावा. आणि पेटीत मीटरभर फायबर सैल गुंडाळून ठेवले आहे का, ते झाकण लावण्यापूर्वी पाहावे. पुढे कधी टोक खराब झाले, तर ते कापून त्याच जागी नवे बसवता येते आणि खांबापासून पुन्हा केबल ओढावी लागत नाही.